स्मार्ट उपकरणाचा मॅक ॲड्रेस कसा शोधावा: स्विचबोर्डापासून वसतिगृहाच्या अर्जापर्यंत

घरात स्मार्ट बल्ब, प्लग, कॅमेरा किंवा स्पीकर आला आणि ॲपमध्ये एकदा जोडून झाला, की त्याच्या मॅक ॲड्रेसची आठवण कोणाला होत नाही. ती होते अडचणीच्या वेळी. वसतिगृहाच्या वाय-फायवर उपकरण नोंदवायचे असते, राउटरमध्ये कॅमेऱ्यासाठी एक आयपी ॲड्रेस (राउटरने दिलेला नेटवर्कवरील पत्ता) कायमचा राखून ठेवायचा असतो, मुलांच्या खोलीतील टीव्हीचे इंटरनेट रात्री दहानंतर बंद करायचे असते, किंवा राउटरच्या यादीत दिसणारे एखादे अनोळखी नाव घरातल्याच कोणत्या वस्तूचे आहे याची खात्री करायची असते. मोबाइल किंवा लॅपटॉप असेल तर सेटिंगमध्ये जाऊन हा क्रमांक वाचता येतो. बल्बला मात्र ना पडदा असतो ना कळफलक, म्हणून त्याचा क्रमांक बाहेरून, निरनिराळ्या वाटांनी मिळवावा लागतो. त्या वाटा कोणत्या, कोणती केव्हा उपयोगी पडते आणि हाती आलेला क्रमांक खरोखर त्याच उपकरणाचा आहे हे कसे पडताळावे, हे पुढे क्रमाने दिले आहे.

नेमके काय शोधायचे आहे

मॅक ॲड्रेस म्हणजे उपकरणातील नेटवर्क चिपला कारखान्यातच दिलेला ओळखक्रमांक. बोलताना त्याला बरेच जण ‘मॅक आयडी’ म्हणतात. विंडोजच्या पडद्यावर तोच ‘फिजिकल ॲड्रेस’ होतो, ॲपलच्या उपकरणांवर ‘वाय-फाय ॲड्रेस’ होतो, आणि काही अर्जांवर ‘हार्डवेअर ॲड्रेस’ असेही छापलेले असते. नावे वेगळी असली तरी वस्तू एकच. हा क्रमांक बारा अक्षरांचा असतो आणि त्यात ० ते ९ हे अंक व रोमन लिपीतील ए, बी, सी, डी, ई, एफ एवढीच सहा अक्षरे येतात. सहसा तो दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या पाडून लिहितात, उदाहरणार्थ ००:००:५ई:००:५३:२ए. उपकरणावर हे सर्व अर्थातच रोमन अक्षरांत व अंकांत छापलेले असते. नमुना म्हणून मुद्दाम हाच क्रमांक घेतला आहे, कारण त्याचा गट केवळ उदाहरणे देण्यासाठी राखून ठेवलेला आहे.

जोड्यांच्या मध्ये कोठे दोन उभी टिंबे असतात, कोठे आडवी रेघ, मोठ्या नेटवर्कयंत्रांवर चार-चार अक्षरांनंतर एक टिंब, तर बारीक लेबलवर अनेकदा काहीच नसते. मोठी लिपी की लहान लिपी यानेही फरक पडत नाही. फरक पडतो तो चुकीच्या वाचनाने, आणि येथे वर सांगितलेली सहा अक्षरांची मर्यादा फार उपयोगी पडते. मॅक ॲड्रेसमध्ये ओ हे अक्षर कधीच येत नाही, म्हणून जे गोल दिसते ते शून्य असते, किंवा फार तर डी. आय आणि एल येत नाहीत, म्हणून उभी रेघ म्हणजे १ हाच अंक. एस येत नाही, म्हणून तो ५; जी येत नाही, म्हणून तो ६. खरी शंका उरते ती ८ आणि बी यांच्यात व शून्य आणि डी यांच्यात. बारीक छपाईचे लेबल मोबाइलच्या कॅमेऱ्याने टिपून फोटो मोठा करून पाहिला तर तीही बहुतेक वेळा मिटते.

या बारा अक्षरांची रचना समजून घेण्यासाठी आपल्याकडील गाडीच्या पाटीची आठवण करावी. एमएच १२ वाचले की गाडी पुण्यात नोंदलेली आहे एवढे कळते. ती आज कोण चालवते, हे कळत नाही. तसेच मॅक ॲड्रेसच्या पहिल्या तीन जोड्या आयईईई ही अभियंत्यांची आंतरराष्ट्रीय संस्था उत्पादकाला नेमून देते आणि उरलेल्या तीन जोड्या उत्पादक स्वतः भरतो. अशा एका मालिकेत १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ क्रमांक बसतात, आणि ते संपले की मोठे उत्पादक नवी मालिका घेतात. म्हणूनच एकाच कंपनीच्या दोन प्लगांची सुरुवात वेगवेगळी निघाली तर त्यात वावगे काही नाही.

येथे एक गोष्ट नवख्यांना हमखास चकवते. ही मालिका बऱ्याचदा वस्तूवर ज्याचे नाव आहे त्या ब्रँडची नसते, तर आतील चिप किंवा वाय-फाय मॉड्यूल बनवणाऱ्याची असते. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या चिप जगभरातील असंख्य स्वस्त-महाग बल्ब, प्लग आणि स्विचमध्ये बसवलेल्या असतात. त्यामुळे राउटरच्या यादीत आपल्या ओळखीच्या ब्रँडऐवजी ‘एस्प्रेसिफ’ किंवा ‘तुया’ (स्मार्ट उपकरणांची व्यवस्था पुरवणारी कंपनी) असे नाव दिसले की घरात कोणी शिरले आहे अशी धास्ती घेण्याचे कारण नाही. तो बहुधा बैठकीच्या खोलीतला बल्बच असतो.

जे मॅक ॲड्रेससारखे दिसते पण नसते

लेबलवर चार-पाच क्रमांक शेजारी-शेजारी छापलेले असतात. अनुक्रमांक, म्हणजे सीरियल नंबर, लांबीला कमी-अधिक असतो आणि त्यात एफच्या पुढील अक्षरेही येऊ शकतात. एखादे के, एक्स किंवा झेड दिसले की तो मॅक ॲड्रेस नव्हे असे निःशंक समजावे. मॅटर या नव्या मानकाच्या उपकरणांवर जोडणीसाठी अकरा अंकी संकेतांक असतो आणि ॲपलच्या होमकिट या स्मार्ट घराच्या व्यवस्थेसाठी आठ अंकी. दोन्हींत केवळ अंकच असतात. हे संकेतांक जपून ठेवावेत आणि त्यांचा फोटो कोणाला पाठवू नये, कारण उपकरण आपल्या ताब्यात घेण्याची ती किल्ली आहे. मॅक ॲड्रेस उघड झाल्याने होणारे नुकसान त्या मानाने फारच किरकोळ असते.

आयपी ॲड्रेस तर पूर्णपणे वेगळा. घरात तो बहुधा १९२.१६८ अशा आकड्यांनी सुरू होतो, राउटर तो देतो आणि उद्या बदलूही शकतो. सोसायटीत गाडी लावण्याची जागा बदलली तरी पाटी तीच राहते, तसा हा फरक आहे.

सोळा अक्षरी क्रमांक आढळला तर थांबावे. झिगबी किंवा थ्रेड या वाय-फायहून वेगळ्या बिनतारी पद्धतींवर चालणाऱ्या बल्ब व सेन्सरना ६४ बिटांचा, म्हणजे सोळा अक्षरांचा पत्ता असतो आणि ते वाय-फायवर कधी येतच नाहीत. फिलिप्स ह्यू मालिकेतील बल्ब हे याचे परिचित उदाहरण आहे. ते आपापसांत आणि ब्रिज नावाच्या छोट्या पेटीशी झिगबीने बोलतात. राउटरला तारेने जोडलेली असते ती ही पेटी. अशा वेळी नोंदवायचा असतो तो ब्रिजचा मॅक ॲड्रेस, आणि तो पेटीच्या तळाशी छापलेला मिळतो. बल्ब दहा असोत की वीस, राउटरच्या दृष्टीने उपकरण एकच.

शेवटचा गोंधळ एकाच उपकरणाच्या अनेक पत्त्यांचा. टीव्हीला वाय-फायसाठी एक आणि मागील लॅन तारेच्या खोबणीसाठी दुसरा मॅक ॲड्रेस असतो. स्पीकरला वाय-फायचा वेगळा आणि ब्लूटूथचा वेगळा असतो, आणि ब्लूटूथचाही बारा अक्षरीच असल्याने तो दिसायला हुबेहूब तसाच असतो. एस्प्रेसिफच्या ईएसपी-३२ या चिपमध्ये साधारणपणे मूळ क्रमांक वाय-फायसाठी वापरला जातो, त्यात एक मिळवून उपकरण स्वतःच सोडत असलेल्या तात्पुरत्या वाय-फायचा क्रमांक होतो आणि दोन मिळवून ब्लूटूथचा. म्हणून दोन ठिकाणी मिळालेले क्रमांक अगदी शेवटच्या अक्षरात एक-दोनने वेगळे निघाले, तर वाचनात चूक झाली असे लगेच मानू नये. आपण एकाच वस्तूचे दोन निरनिराळे पत्ते पाहत असू शकतो. अर्जात किंवा राउटरमध्ये भरायचा तो ज्या मार्गाने उपकरण नेटवर्कला जोडले जाणार आहे त्या मार्गाचा. लेबलवर त्यापुढे ‘डब्ल्यूलॅन’ किंवा ‘वाय-फाय’ असे लिहिलेले असते.

पहिली वाट: लेबल आणि खोका

सर्वात सोपी वाट ही, आणि ती सर्वात आधी बंद होते. प्लगच्या पाठीवर, कॅमेऱ्याच्या बैठकीखाली, स्पीकरच्या तळाशी, बल्बच्या होल्डरजवळील पांढऱ्या भागावर, किंवा खोक्याच्या बारकोडशेजारी मॅक ॲड्रेस छापलेला असण्याची शक्यता असते. सर्वच उत्पादक तो छापतात असे नाही, परंतु पाहण्यास अर्धा मिनिटच लागतो.

आपल्याकडे स्मार्ट स्विचचे छोटे मॉड्यूल वायरमनकडून जुन्या स्विचबोर्डाच्या मागे बसवून घेण्याची पद्धत रूढ आहे. बोर्ड बंद झाला की लेबल भिंतीत जाते आणि खोका रद्दीत. माझ्या घरी हेच झाले, आणि सहा महिन्यांनी राउटर बदलल्यावर चार सारख्या मॉड्यूलांपैकी स्वयंपाकघरातील कोणते, हे ठरवण्यात एक पूर्ण संध्याकाळ गेली. तेव्हापासून वायरमन शिडी लावण्याआधी प्रत्येक मॉड्यूलच्या लेबलचा फोटो घेऊन त्याच्या नावात खोली आणि स्विच लिहून ठेवण्याचा नियम मी पाळतो. बोर्ड बंद होऊन गेला असेल, तर केवळ क्रमांक वाचण्यासाठी तो स्वतः उघडू नये. आत २३० व्होल्टची वीज असते, आणि स्विच बंद केल्याने मॉड्यूलकडे येणारी तार मृत होत नाही. पुढील वाटांनी तो क्रमांक बसल्या जागी मिळू शकतो. छतावरील बल्ब काढून पाहायचा असेल तर आधी वीज बंद करून तो पूर्ण निवू द्यावा.

दुसरी वाट: उपकरणाचे ॲप

उपकरण एकदा जोडले गेले असेल तर ज्या ॲपने ते चालवतो त्यातच बहुधा मॅक ॲड्रेस असतो. ॲपच्या नव्या आवृत्तीत पर्यायांची नावे थोडीफार इकडेतिकडे होतात, पण शोधायचे ते दोन-तीनच शब्द: ‘डिव्हाइस इन्फर्मेशन’, ‘अबाउट’ किंवा ‘नेटवर्क इन्फो’.

ॲमेझॉनच्या इको स्पीकरसाठी अलेक्सा ॲप उघडून ‘डिव्हाइसेस’मध्ये जावे, ‘इको अँड अलेक्सा’ या गटातून आपला स्पीकर निवडावा, दातेरी चक्राच्या खुणेवरून सेटिंग उघडून खाली ‘अबाउट’पर्यंत यावे, तेथे सॉफ्टवेअरची आवृत्ती, अनुक्रमांक आणि मॅक ॲड्रेस असे तिन्ही असतात. फायर टीव्ही स्टिकसाठी ॲपची गरज नाही, कारण त्याला टीव्हीचा पडदा आहे: सेटिंगमधील ‘माय फायर टीव्ही’, त्यात ‘अबाउट’ आणि त्यात ‘नेटवर्क’. गूगलच्या नेस्ट स्पीकरसाठी होम ॲपमध्ये स्पीकरच्या चौकटीवर बोट दाबून धरावे, सेटिंगमध्ये ‘डिव्हाइस इन्फर्मेशन’ आणि त्याखाली ‘टेक्निकल इन्फर्मेशन’ पाहावे.

बाजारातील कितीतरी भारतीय नावांची उपकरणे आतून तुया या कंपनीच्या व्यवस्थेवर चालतात, आणि त्यांचे ॲप ‘स्मार्ट लाइफ’सारखेच दिसते. त्यात उपकरणाच्या पानावर उजव्या कोपऱ्यातील पेन्सिलीची किंवा तीन टिंबांची खूण दाबली की ‘डिव्हाइस इन्फर्मेशन’ मिळते. तेथे मॅक ॲड्रेससोबत एक आयपी ॲड्रेसही दिसतो. तो मात्र घरातील नसून आपल्या इंटरनेट जोडणीचा बाहेरचा असतो, त्यामुळे राउटरच्या यादीत तो शोधत बसू नये. टीपी-लिंक कंपनीच्या टापो ॲपमध्ये उपकरणाच्या सेटिंगमधील ‘डिव्हाइस इन्फो’, शाओमीच्या ॲपमध्ये तीन टिंबांखालील अधिक सेटिंगमधील ‘नेटवर्क इन्फो’ येथे पाहावे.

तिसरी वाट: राउटरची यादी

ॲपने साथ दिली नाही तर राउटरला विचारावे, कारण त्याला प्रत्येक जोडलेल्या उपकरणाचा मॅक ॲड्रेस माहीत असावाच लागतो. घराच्या वाय-फायला जोडलेल्या मोबाइलवर किंवा संगणकावर ब्राउझर उघडून पत्त्याच्या जागी राउटरचा आयपी ॲड्रेस लिहावा. तो पुष्कळ राउटरांवर १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या घरगुती राउटरवर १९२.१६८.२९.१. वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड पेटीच्या खाली छापलेला असतो, नाहीतर जोडणी करून देणाऱ्याकडून मिळतो. आत गेल्यावर ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’, ‘डीएचसीपी क्लायंट लिस्ट’ किंवा ‘वायरलेस क्लायंट्स’ अशा नावाचे पान शोधावे.

या यादीत ओळीने दहा-पंधरा नावे असतात आणि त्यांपैकी निम्मी निरर्थक वाटतात. ‘ईएसपी’ या अक्षरांनंतर एक अधोरेषा आणि मग सहा अक्षरे असे नाव दिसले तर ती सहा अक्षरे त्या उपकरणाच्या मॅक ॲड्रेसची शेवटची सहा असतात. बाकीच्यांसाठी वजाबाकीची युक्ती करावी. आधी यादीचा फोटो घ्यावा, मग आपले उपकरण बंद करून यादी पुन्हा उघडावी, आणि जी ओळ नाहीशी झाली ती आपली. यात एक खोच आहे. डीएचसीपीची, म्हणजे राउटरने वाटलेल्या आयपी ॲड्रेसची, यादी दिलेल्या ॲड्रेसची मुदत संपेपर्यंत जुनी नावे धरून ठेवते, म्हणून उपकरण बंद करूनही ते तेथे काही तास दिसत राहू शकते. त्यामुळे शक्य असेल तर या क्षणी वाय-फायला जोडलेल्या उपकरणांची यादी वापरावी. ती नसेल तर राउटर बंद करून चालू करावा, फक्त आपला मोबाइल आणि ते एक उपकरण जोडू द्यावे, आणि मग पाहावे. बऱ्याच घरगुती राउटरांची जुनी यादी त्यामुळे पुसली जाते.

घरात वाय-फायची पोच वाढवणारा रिपीटर असेल तर आणखी सावध राहावे. काही रिपीटर आपल्या पलीकडील उपकरणांचे मॅक ॲड्रेस बदलून पुढे पाठवतात, आणि राउटरला मग बल्बचा खरा क्रमांक कळत नाही. तेवढ्यापुरता बल्ब मूळ राउटरजवळील होल्डरमध्ये लावून, रिपीटर बंद ठेवून तपासणे हा खात्रीचा उपाय आहे.

चौथी वाट: संगणकावरील आज्ञा

राउटरचा पासवर्ड घरमालकाकडे असेल, किंवा कोणाकडेच नसेल, तर संगणक कामी येतो. मात्र संगणक आणि उपकरण दोन्ही एकाच वाय-फायवर हवेत. पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ नेटवर्कवर ही वाट सहसा बंद असते, कारण तेथे उपकरणांना एकमेकांपासून अलग ठेवलेले असते.

विंडोजमध्ये प्रारंभ यादीत ‘सीएमडी’ शोधून काळी खिडकी उघडावी. उपकरणाचा घरातील आयपी ॲड्रेस ठाऊक असेल तर आधी ‘पिंग’ हा शब्द रोमन लिपीत लिहून, एक जागा सोडून तो आयपी ॲड्रेस द्यावा. उपकरणाने उत्तर दिले नाही तरी हरकत नाही, संगणकाने त्याचा शोध घेतलेला असतो एवढे पुरे. लगेच त्यानंतर रोमन ए, आर, पी ही तीन अक्षरे सलग, मग एक रिकामी जागा, मग आडवी रेघ आणि तिला जोडून ए, असे लिहून एंटर दाबावे. समोर आयपी ॲड्रेस आणि त्यापुढे फिजिकल ॲड्रेस अशी यादी येते. सर्व जोड्या एफएफ असलेली ओळ आणि ०१-००-५ई ने सुरू होणाऱ्या ओळी सोडून द्याव्यात. ते पत्ते कोणा एका उपकरणाचे नसतात.

ॲपलच्या संगणकावर टर्मिनलमध्ये हीच आज्ञा चालते, पण तेथे जोडीतील सुरुवातीचा शून्य गाळलेला असतो. वरील नमुन्याचा क्रमांक तेथे ०:०:५ई:०:५३:२ए असा दिसेल. अर्जात भरताना प्रत्येक एकट्या अक्षराच्या आधी शून्य घालून बारा अक्षरे पूर्ण करावीत; ही चूक इतकी सामान्य आहे की अर्ज नाकारला गेला तर आधी अक्षरे मोजून पाहावीत.

मोबाइलवर नेटवर्क तपासणारी ॲप पुष्कळ आहेत, परंतु त्यांच्यावर या कामासाठी विसंबू नये. नव्या अँड्रॉइड आवृत्त्यांत आणि आयफोनवर ॲपला इतर उपकरणांचे मॅक ॲड्रेस वाचण्याची मुभा उरलेली नाही. अशी ॲप आयपी ॲड्रेस शोधून देतात, आणि वरील ‘पिंग’साठी तेवढा उपयोग होतो.

वसतिगृहातील पेच

ऑगस्टमध्ये अमेरिकेतील विद्यापीठांत शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्यांना हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात भेटतो. तेथील बऱ्याच वसतिगृहांतील मुख्य वाय-फाय प्रत्येकाच्या नावाने व पासवर्डने उघडते. इको स्पीकर, बल्ब किंवा प्लग यांना असा प्रवेश सहसा जमत नाही, म्हणून विद्यापीठे अशा वस्तूंसाठी वेगळे नेटवर्क ठेवतात आणि त्यावर मॅक ॲड्रेसने नोंदणी मागतात. पेच असा की नोंदणीशिवाय उपकरण जोडले जात नाही आणि जोडल्याशिवाय ॲप सहसा मॅक ॲड्रेस दाखवत नाही. लेबलवर क्रमांक असला तर प्रश्नच मिटला. नसला तर उपकरणाला तात्पुरते दुसरे वाय-फाय द्यावे लागते.

त्यासाठी विंडोजचा लॅपटॉप फार सोयीचा. त्याच्या ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ सेटिंगमध्ये ‘मोबाइल हॉटस्पॉट’ असते. ते चालू करण्यापूर्वी नाव आणि पासवर्ड साधा ठेवावा आणि बँड, म्हणजे वाय-फायची लहरपट्टी, २.४ गिगाहर्ट्झ निवडावा, कारण बहुसंख्य बल्ब व प्लगांना ५ गिगाहर्ट्झचे वाय-फाय दिसतच नाही. मग मोबाइल त्या हॉटस्पॉटला जोडून, उपकरणाच्या ॲपमधून नेहमीप्रमाणे जोडणी करावी. जोडणी होताच लॅपटॉपच्या त्याच पानावर उपकरणाचे नाव, आयपी ॲड्रेस आणि फिजिकल ॲड्रेस एका ओळीत दिसतो. काही विद्यापीठांना आपल्या जाळ्यावर खाजगी हॉटस्पॉट चाललेले नको असते, म्हणून नियम आधी वाचावेत. तशी मनाई असेल तर लॅपटॉपऐवजी एका मोबाइलचा डेटा हॉटस्पॉट म्हणून द्यावा आणि शेजारच्या मित्राच्या मोबाइलवरून ॲपची जोडणी करावी. एकाच मोबाइलवर हॉटस्पॉट आणि जोडणी दोन्ही करण्याचा प्रयत्न बऱ्याचदा अर्ध्यावर अडकतो.

गूगलच्या होम ॲपमध्ये जोडणीच्या वेळी वाय-फाय निवडण्याच्या पानावर वरच्या तीन टिंबांखाली मॅक ॲड्रेस दाखवण्याचा पर्याय ठेवलेला आहे, तो आधी पाहावा. आणखी एक सुगावा असतो: जोडणीच्या वेळी पुष्कळ उपकरणे स्वतःचे तात्पुरते वाय-फाय सोडतात आणि त्याच्या नावाच्या शेवटी मॅक ॲड्रेसची शेवटची चार किंवा सहा अक्षरे येतात. तेवढ्यावर नोंदणी होत नाही, पण हाती असलेल्या दोन क्रमांकांपैकी कोणता या उपकरणाचा, हे त्यावरून ठरवता येते.

पडताळणी आणि नोंद

दोन वाटांनी मिळालेला क्रमांक जुळला तरच तो अर्जात भरावा. लेबल आणि ॲप, किंवा ॲप आणि राउटर, अशी कोणतीही जोडी चालेल. याखेरीज दुसऱ्या अक्षराकडे एक नजर टाकावी. ते २, ६, ए किंवा ई असेल तर तो क्रमांक कारखान्यातून मालिकेनुसार आलेला नसून सॉफ्टवेअरने ठरवलेला आहे. बल्ब किंवा प्लगच्या बाबतीत असे आढळले तर आपण बहुधा त्याच्या तात्पुरत्या वाय-फायचा पत्ता उचलला आहे. मोबाइल आणि टॅब्लेटच्या बाबतीत मात्र हे नेहमीचेच आहे: अँड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून प्रत्येक वाय-फायसाठी वेगळा, बनावट मॅक ॲड्रेस वापरण्याची सोय मुळातच चालू असते. भिंतीवर लावलेला टॅब्लेट घराचे नियंत्रण करण्यासाठी वापरत असाल, तर त्या एका वाय-फायपुरती ही सोय बंद करून मगच त्याचा क्रमांक नोंदवावा.

काही जण हे सारे राउटरमधील मॅक फिल्टर, म्हणजे नोंदवलेल्या मॅक ॲड्रेसनाच प्रवेश देण्याची सोय, लावण्यासाठी करतात आणि त्याने घर सुरक्षित झाले असे मानतात. माझे मत याच्या विरुद्ध आहे. मॅक ॲड्रेस वाय-फायच्या लहरींतून उघडपणे जातो, आसपासचा जाणकार तो वाचून आपल्या लॅपटॉपला लावू शकतो, आणि त्रास होतो तो फक्त पाहुण्यांना व आपल्यालाच. त्यापेक्षा वाय-फायचा लांब पासवर्ड आणि स्मार्ट उपकरणांसाठी वेगळे नेटवर्क यांवर वेळ खर्च करावा. कॅमेऱ्यासाठी कायमचा आयपी ॲड्रेस राखणे आणि वसतिगृहातील नोंदणी ही मात्र या क्रमांकाची रास्त कामे आहेत.

अर्ज भरताना जोड्यांमधील खुणा हव्यात की नकोत हे शेजारी दिलेल्या नमुन्यावरून ठरवावे. क्रमांक हाताने टाइप करण्यापेक्षा ॲपमधून किंवा काळ्या खिडकीतून उचलून तसाच डकवावा. नोंदणी झाल्यावर उपकरण लगेच जोडले गेले नाही तर पुन्हा अर्ज करू नये. काही ठिकाणी नोंद लागू होण्यास थोडा वेळ लागतो. मग उपकरणाची वीज दहा-पंधरा सेकंद बंद करून पुन्हा चालू करावी, म्हणजे ते नेटवर्ककडे नव्याने आयपी ॲड्रेस मागते. हॉटस्पॉटवरून जोडलेले उपकरण जुनेच वाय-फाय आठवत बसते, त्यामुळे ॲपमध्ये जाऊन त्याला नव्या नेटवर्कचे नाव देणे शिल्लक राहते.